व्हिडिओ गेमची खोली

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं एक खोली हमखास असायची. एसटी स्टँडच्या मागे, टॉकीजच्या बोळात, नाहीतर बाजारात पानटपरीला लागून. दाराला पडदा, आत भरदिवसा अंधार, भिंतीला टेकून उभी केलेली प्लायवूडची तीन-चार खोकी. प्रत्येक खोक्यात टीव्हीची काच आणि तिच्याखाली हँडल आणि बटणं. गल्ल्यावरचा मालक रुपया घेऊन टोकन द्यायचा. पाटी असलीच तर ‘व्हिडिओ गेम पार्लर’, पोरांच्या तोंडी नुसतं ‘गेम’. “गेमवर गेलाय” एवढं सांगितलं की घरच्यांना पत्ता कळायचा आणि बापाच्या कपाळाला आठीही पडायची. हे पुस्तक त्या खोलीबद्दल आहे.

त्या खोलीतले खेळ मात्र कुठेही हरवलेले नाहीत. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७च्या फेब्रुवारीत ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवलं, आणि नाण्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे खेळ एकेक करून घरच्या संगणकावर चालू लागले. आज ‘पॅक-मॅन’ खेळायला साधा मोबाइल पुरतो. तरीही चाळिशी ओलांडलेला माणूस जुन्या खेळाचा आवाज कानी पडला की थबकतो, मोबाइलवर तो खेळ उतरवून घेतो, दहा मिनिटं खेळतो आणि ठेवून देतो. तिथे हरलं तर काही जात नाही. खिशातलं शेवटचं टोकन पणाला लागलेलं नसतं, मागे नंबर लावून कोणी उभं नसतं, आपला डाव बघून कोणी “अरे, वर उडी मार” असं ओरडत नाही. आपल्याला आठवतो तो त्या खोलीतला व्यवहार, माणसं आणि त्यांचे अलिखित नियम. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका मतावर उभी आहे.

दुसरं मत पहिल्याइतकंच महत्त्वाचं. जपान आणि अमेरिकेतल्या लोकांनी आपल्या गेम सेंटरांबद्दल भरपूर लिहून ठेवलंय, संग्रहालयं उभारलीत. ते वाचून आपणही त्यांच्याच शब्दांत हळहळतो. पण आपल्याकडची खोली वेगळी होती. तिच्यातलं यंत्र सुताराने, टीव्ही मेकॅनिकने आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मिळून उभं केलेलं असायचं. आपल्याला नोंदवायचीय ती ही गोष्ट, आणि ती सांगणारी माणसं आता साठीच्या पुढे गेली आहेत.

मी वडप्याचा. मुंबई-नाशिक महामार्गावरचं, भिवंडी तालुक्यातलं हे गाव आता माजिवडा-वडपे रस्त्याच्या रुंदीकरणामुळे आणि वाहतूक कोंडीच्या बातम्यांमुळे राज्यभर माहीत झालंय. शेजारच्या आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ऑनलाइन दुकानांचा माल इथल्या पत्र्याच्या अवाढव्य छपरांखाली उतरतो आणि इथूनच घरोघर जातो. माझ्या लहानपणी या छपरांच्या जागी भातखाचरं होती. करमणूक म्हणजे वज्रेश्वरीची चैत्रातली जत्रा: आकाशपाळणा, मौत का कुआँ, बंदुकीने फुगे फोडायचा स्टॉल. एरवी वर्षभर काही बघायचं-खेळायचं असलं तर एसटी पकडून भिवंडी गाठायची.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रस्त्यापर्यंत येणारा मागांचा खडखडाट, हवेत उडणारे कापसाचे तंतू. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आणि आजूबाजूच्या गावांतले आम्ही आगरी. पाळी संपवून आलेला माणूस, शाळा बुडवून आलेलं पोर आणि बाजाराला आलेला खेडूत एकाच ठिकाणी थांबतील अशा जागा शहरात फारशा नव्हत्या. गेमची खोली ही तशी एक जागा होती.

पण या खोलीकडे समाजाने कायम संशयाने पाहिलं. तो संशय कुठून आला हे समजून घ्यायचं तर पिनबॉलपर्यंत मागे जावं लागतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेकांच्या घरी खिळे ठोकलेली एक लाकडी फळी बाहेर निघायची. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जायची, खिळ्यांना धडकत खाली यायची आणि आकडे लिहिलेल्या कप्प्यात पडायची. हा मूळचा फ्रान्समधल्या दिवाणखान्यांतला बॅगाटेल. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली या खेळातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. त्यात स्प्रिंगचा दांडा होता. पुढे १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ नावाचं, नाणं टाकून खेळायचं टेबल बाजारात आणलं. मंदीचे दिवस होते, हाताला काम नव्हतं, एका पेनीत काही मिनिटं विरंगुळा मिळत होता. यंत्रं हजारोंनी खपली. लोक टेबल हलवून गोळी हवी तिकडे वळवू लागले, तेव्हा हॅरी विल्यम्स या तंत्रज्ञाने टेबल वाजवीपेक्षा जास्त हललं की डाव बंद पाडणारी ‘टिल्ट’ची युक्ती बसवली.

आज पिनबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे येणारे ते दोन पंखे, म्हणजे फ्लिपर, तेव्हा नव्हतेच. ते आले १९४७ साली, गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या टेबलावर. तोवर गोळी सोडली की खेळणाऱ्याच्या हातात टेबलाला धक्के देण्यापलीकडे काही नसायचं. म्हणून तो नशिबाचा खेळ ठरला आणि त्यावर पैजाही लागू लागल्या. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि हातोड्यांनी फोडली. फ्लिपर आल्यावर खेळ पार बदलला, पण बंदी तशीच राहिली. अखेर १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या सदस्यांपुढे एक टेबल खेळून दाखवलं. गोळी कुठून जाईल ते आधी बोलून दाखवायचं आणि मग ती तिथूनच घालायची. ती गेली, आणि बंदी उठली. हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मनगटाचं कौशल्य ही सिद्ध करून दाखवता येणारी गोष्ट आहे हे त्या दिवशी नोंदलं गेलं.

तोवर टीव्हीच्या काचेवरचे खेळ आलेच होते. १९७२ साली अटारी कंपनीचं ‘पाँग’ कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये ठेवलं गेलं. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा गच्च भरून अडकला होता. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ तयार केला. त्यात शत्रू मरत जातात तसे उरलेले शत्रू भराभर सरकू लागतात. हे मुळात कोणी ठरवलेलं नव्हतं. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा आणि खेळ पळू लागायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि शेवटाकडे छाती धडधडायला लावणारा वेग हा पुढे खेळांचा नियमच झाला. १९८० साली तोरू इवातानींचा ‘पॅक-मॅन’ आला. बायका-मुलींनीही गेम सेंटरमध्ये यावं म्हणून मारामारी सोडून खाण्याचा विषय आपण घेतला, असं त्यांनी सांगितलंय. आपल्या खोलीच्या संदर्भात हे वाक्य मनाला लागतं. त्याबद्दल पुढे.

संशयही खेळांच्या मागोमाग सगळीकडे पोहोचला. फिलिपिन्समध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी १९८१ साली व्हिडिओ गेम आणि पिनबॉल दोन्हींवर बंदी घातली. आपल्याकडे १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा मुंबई प्रांतापासून चालत आलेला आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं हा वाद प्रत्येक यंत्रापाशी नव्याने उभा राहिला. १९९५ साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे खेळ चालवायला परवाना बंधनकारक करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. महाराष्ट्रात पोलिसांचा परवाना आणि करमणूक शुल्क या दोन्ही गोष्टी पार्लरमालकाच्या मागे होत्या.

इथे माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. ‘व्हिडिओ गेम पार्लर’ या पाटीआड आकड्यांची आणि पत्त्यांची जुगारी यंत्रं चालवली गेली, आजही त्यावर छापे पडतात आणि बातम्या येतात. त्या छाप्यांना माझा पाठिंबाच आहे. पण या धंद्याने एक मोठा अन्याय केला. हँडल-बटणाचा खेळ हा पूर्ण कौशल्याचा खेळ होता, त्यात जिंकून पैसे मिळत नव्हते, मिळत होता तो आणखी थोडा वेळ. त्या खेळाची पाटी जुगाऱ्यांनी पळवली, आणि सचोटीने खोली चालवणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनाम झाला. अनेकांनी त्यापायीच खोली बंद केली. न्यूयॉर्कला एक शार्प मिळाला. आपल्या पार्लरवाल्यांच्या बाजूने उभं राहून “बघा, हे मनगटाचं काम आहे” असं सांगणारं कोणी पुढे आलं नाही.

आता यंत्राकडे वळतो. या भागाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

१९८५ साली जपानमधल्या यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनेने जोडणीचा एक सामाईक नमुना ठरवला. तो संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जामा’ म्हणून ओळखला जातो. छप्पन्न टोकांची एक पट्टी, दोन्ही बाजूंना अठ्ठावीस. वीज कुठून येणार, चित्राचे लाल-हिरवा-निळा हे रंग कुठून जाणार, हँडलच्या चार दिशा आणि बटणं कुठे जोडायची, नाणं पडल्याचा इशारा कोणत्या टोकावर येणार, सगळं ठरलेलं. याचा परिणाम आपल्याकडे फार मोठा झाला. एक खोकं बनवून ठेवलं की त्यात कोणताही बोर्ड घालता येऊ लागला. जुन्या खेळाला गिऱ्हाईक येईनासं झालं की मालक मागची फळी उघडायचा, पट्टीतून बोर्ड उपसायचा आणि दुसरा खोचायचा. संध्याकाळी त्याच खोक्यात नवा खेळ.

परदेशी तयार यंत्र मागवणं लहान गावातल्या माणसाला शक्यच नव्हतं. मग खोकं सुताराकडून करून घ्यायचं. मापं दुसऱ्या पार्लरमधून दोरीने घेऊन यायची. काच म्हणजे रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब, ती बसवायचं काम टीव्ही दुरुस्तीवाल्याचं. बोर्ड, हँडल, बटणं, वीजपुरवठ्याचा डबा हे सामान मुंबईहून यायचं, लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून. बोर्ड बहुतेक नकली, मूळ कंपनीच्या बोर्डाची पूर्वेकडच्या देशांत केलेली नक्कल. त्यामुळे कधी आवाज चिरका, कधी रंग भलतेच, कधी खेळाचं नाव निराळं. पण चालायचा.

दुरुस्ती ही वेगळी विद्या होती. हँडल दिवसभर पिळवटलं जायचं. आतल्या पात्या वाकायच्या, स्विच मरायचे. धूळ, पावसाळ्यातला ओलावा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. भिवंडीत त्यात कापसाच्या तंतूंची भर. आठवड्याला ब्रशने झाडलं नाही तर बोर्डावर पांढरी साय धरायची. आणि भारनियमन. २००७ साली भिवंडीच्या वीजवितरणाचं काम खासगी कंपनीकडे गेलं, त्याआधीची वर्षं ज्यांनी काढली त्यांना भर डावात काच काळी पडणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. वीज गेली की खोलीभर एक सुस्कारा उठायचा. टोकन परत द्यायचं की नाही यावर मालकाची खरी परीक्षा व्हायची. ज्या खोलीत टोकन परत मिळायचं, तिथे वर्षानुवर्षं गर्दी टिकायची.

यंत्र मालकाच्या बाजूने झुकलेलं असायचं. बोर्डावर बारीक पांढऱ्या खटक्यांची एक रांग असते. खेळ किती अवघड, सुरुवातीला किती ‘लाइफ’, किती गुणांवर एक जादा, हे त्या खटक्यांवर ठरतं. मूळ बनवणाऱ्यांचाही हिशेब हाच होता की नवख्याचा डाव दोन-तीन मिनिटांत आटोपला पाहिजे, तरच यंत्राचा खर्च निघतो. पोरंही गप्प बसत नव्हती. गॅस पेटवायचा लायटर नाण्याच्या खाचेजवळ धरून खटकावला की ठिणगीच्या विद्युत धक्क्याने सर्किट चकायचं आणि फुकट क्रेडिट पडायचं. ही युक्ती गावोगाव माहीत होती. म्हणून पुष्कळ मालकांनी खाच बुजवून टाकली आणि क्रेडिट द्यायचं बटण गल्ल्याशी आणून ठेवलं.

कॅपकॉम कंपनीच्या काही बोर्डांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. नक्कल होऊ नये म्हणून खेळाच्या प्रोग्रॅमची किल्ली बॅटरीच्या जोरावर जपलेल्या स्मृतीत ठेवलेली असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड मुका व्हायचा. आपल्याकडच्या कितीतरी मेकॅनिकांनी असे बोर्ड ‘जळले’ म्हणून भंगारात दिले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचावी अशी सोय त्या काळी कोणीच केली नव्हती.

खेळांत दोन नावं इथे घेतल्यावाचून राहवत नाही.

‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ साली आला आणि खोलीतला खेळ माणसाविरुद्ध माणसाचा झाला. सहा बटणं, तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. खाली, तिरपं, पुढे आणि बुक्का, एवढं एका झटक्यात जमलं की हातातून निळा गोळा सुटायचा. हे कुठे लिहिलेलं नसायचं. सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलेला पोरगा ते शिकून यायचा आणि दोन दिवस कोणाला सांगायचा नाही. आठ योद्ध्यांत एक आपला होता, धालसिम. हात-पाय ताणून लांब करणारा, तोंडातून आग ओकणारा योगी, आणि त्याच्या मागे हत्तींची रांग. भारताचं हे चित्र जपानी कल्पनेतलं होतं, कुठल्याही भारतीयाशी त्याचा संबंध नव्हता, तरी धालसिम घेऊन जिंकणाऱ्याला खोलीत वेगळा मान होता, कारण तो संथ होता आणि त्याच्यासोबत जिंकायला डोकं लागायचं.

दुसरा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३चा, कॅपकॉमचाच. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून बेतलेला. चार नायक: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्याकडे या खेळाचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. तो सगळीकडे ‘मुस्तफा’च होता, पिवळ्या टोपीचा, धावत येऊन उडती लाथ घालणारा, चौघांत सर्वांत चपळ. आणि भिवंडीत या गोष्टीला एक वजन होतं. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी भाजून निघालेलं हे शहर. त्या शहरात नऊ-दहा वर्षांनी मोठी झालेली पोरं, आगरी, मोमीन, पद्मशाली, भय्यांची, सगळी “मुस्तफा मी घेणार” म्हणून भांडत होती. त्यांच्या मनात धर्म नव्हता, वेग होता. दोन हँडलांवर दोघं उभे राहिले की एकमेकांना सांभाळून खेळावं लागायचं, कारण एकाची पॉवर संपत आली तर दुसऱ्याने पडद्यावरचं जेवण त्याच्यासाठी सोडायचं, हा शिष्टाचार होता. नाव विचारायच्या आधी माणूस कसा खेळतो ते कळायचं. एका खोलीमुळे शहर सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण तशी खोली तिथे होती आणि तिच्यात हे घडत होतं, एवढं लिहून ठेवणं मला माझं कर्तव्य वाटतं.

त्या खोलीत मुली नव्हत्या. या आठवणींच्या गोडव्यात ही गोष्ट बुडून जाते, म्हणून ती पुस्तकाच्या दारातच सांगतो. पडद्याआडच्या अंधाऱ्या जागेत, सिगारेटच्या धुरात, शिवराळ भाषेत मुलीने पाऊल टाकणं अशक्य होतं. इवातानींनी ज्यांच्यासाठी पॅक-मॅन केला, त्या आपल्याकडे दाराबाहेरही उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या वाट्याला हे खेळ आले ते १९९०च्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’सारखे टीव्हीला जोडायचे स्वस्त संच घरात आले तेव्हा, आणि तेही भावाचं खेळून झाल्यावर. ‘आमच्या पिढीचा खेळ’ असं म्हणताना आपण निम्म्या पिढीबद्दल बोलत असतो.

पिनबॉलची गाठ मात्र मराठी माणसाशी एका वेगळ्याच जागी पडली. शंभर किलोंहून जड, शेकडो दिवे आणि चुंबकी गुंडाळ्यांनी भरलेलं ते टेबल ओढून आणणं आणि दुरुस्त ठेवणं आपल्या गावांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण विंडोज एक्सपीमध्ये ‘स्पेस कॅडेट’ नावाचं पिनबॉल आयतं मिळायचं. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, आणि तिथे हजारो मुलामुलींनी, नोकरीसाठी प्रमाणपत्र घ्यायला आलेल्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी सर येईपर्यंत झेडच्या बटणावर डावा पंखा मारला. स्पेस बार दाबून धरायचा, सोडायचा, गोळी सुटायची. तिथे मुली होत्या, प्रौढ बायका होत्या. पुढे विंडोज व्हिस्टामधून हा खेळ गेला. चौसष्ट बिटांच्या संगणकासाठी तो नव्याने बांधला तेव्हा गोळी वस्तूंना न धडकता आरपार जात होती, आणि तो दोष सापडला नाही म्हणून खेळच वगळला, असं मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगितलंय. त्या वर्गांतल्या आठवणींचं प्रकरण पुस्तकात मुद्दाम मोठं ठेवलं आहे, कारण खोलीच्या आठवणींत जी माणसं सापडत नाहीत ती तिथे भेटतात.

खोल्या बंद कशा झाल्या हे सर्वांना माहीत आहे. घरी संच आले, मग सायबर कॅफे, मग तासावर प्लेस्टेशन, मग हातात मोबाइल. शहरांत मॉलमध्ये कार्ड घासून खेळायचे रंगीत मजले आले. तिथे एका डावाचे पैसे गावच्या पोराला झेपणारे नाहीत, आणि मागे उभं राहून फुकट बघत शिकायची मुभाही नाही. खोकी सुताराकडे परत गेली, त्यांची कपाटं-देव्हारे झाले. पिक्चर ट्यूब भंगारात फुटल्या. बोर्ड किलोवर विकले गेले.

जगात दुसरीकडे ही यंत्रं जपली जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात ती आहेत, कॅलिफोर्नियात अलामीडाला निव्वळ पिनबॉलचं संग्रहालय आहे. त्यांच्याकडे चांगली, अस्सल, कारखान्यातून निघालेली यंत्रं आहेत. सुताराने मापं घेऊन केलेलं, टीव्हीवाल्याने ट्यूब बसवलेलं, नकली बोर्डावर ‘मुस्तफा’ चालवणारं खोकं जपायला मात्र आपल्यालाच पुढे यावं लागेल. ज्या तालुक्यात एवढा माल ठेवायला जागा निघते, त्याच तालुक्यात चार खोकी उभी करायला एक खोली निघू शकते, आणि ती निघावी यासाठी मी प्रयत्न करतो आहे.

पुढच्या प्रकरणांत पार्लरमालक, मेकॅनिक, खेळणारे आणि खेळू न शकलेल्या बायका यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत दिल्या आहेत. कुणाच्या बोलण्याला इस्त्री केलेली नाही. ज्यांनी सांगितलं त्यांच्या इच्छेनुसार नावं बदलली आहेत. यंत्राच्या भागात जोडण्यांच्या आकृत्या दिल्या आहेत. हे पुस्तक वाचून कुणाला माळ्यावरचा बोर्ड चालू करावासा वाटला तर त्याचा हात अडू नये, हा त्यामागचा हेतू.

वाचकांना एक विनंती. घरात, माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत असं काही पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. आहे तसं वीजजोडणी देऊन चालूही करू नका. पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही जबर दाब शिल्लक राहतो, तेव्हा मागची फळी जाणकारासमोरच उघडा. बोर्डावर जुनी बॅटरी असेल तर ती गळून तांब्याच्या रेषा खाते, मेकॅनिकला आधी ती दाखवा. खटक्यांच्या रांगेचा फोटो काढून ठेवा, त्यावरून मालकाने खेळ किती अवघड ठेवला होता ते कळतं. टोकनं असतील तर फेकू नका, पुष्कळ टोकनांवर पार्लरचं नाव कोरलेलं असतं आणि कधी कधी त्या खोलीचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. आणि तुमच्या गावच्या खोलीचा मालक हयात असेल तर या रविवारीच जाऊन भेटा, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, आणि त्याच्या घरातल्या बायकांनाही विचारा की त्या गल्ल्यावर कधी बसल्या होत्या का.